वर्षभर बाकावर

"यंदा डेलला खेळवू नका. एवढंच मागायला आलेय," व्हेर्ना क्लॉस म्हणाली.

कोच टॅगार्टनं तिला समोरची खुर्ची दाखवली. बाहेर ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं, खाली सरावाचं मैदान होतं, आणि हा माणूस खिडकीचा पडदा ओढून, दिवा लावून बसला होता.

डेल तिचा एकुलता एक. घरात दोघंच. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, संघात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता, तोवर त्याच्या पायांची गावभर चर्चा. न्हाव्याच्या दुकानात तर सरळ दोन तट पडले होते. एक म्हणे, असं पोरगं ठेवायचंय कशाला, पहिल्याच सामन्यात चेंडू द्या हातात. दुसरा म्हणे, वर्षभर बाहेर बसू दे, अंगात जोर भरू दे, न खेळलेलं वर्ष मोजत नाहीत, खेळायची चार वर्षं पुढे शिल्लक राहतातच. व्हेर्नाला त्या चार वर्षांशी काही देणंघेणं नव्हतं. इतर संघांतले गडी तिनं पाहिले होते. एकेकाची मान डेलच्या मांडीएवढी. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

"आई, तिथे येऊन माझी शोभा करू नकोस," असं डेलनं फोनवर बजावलं होतं. तरी ती धान्याच्या कोठारावरची पाळी बदलून घेऊन, अख्खी सकाळ गाडी हाकत आली होती. होऊ दे शोभा. पोरगं धड राहिलं म्हणजे मिळवली.

कोचनं तिला समजावून पाहिलं. असा पळणारा मुलगा कित्येक वर्षांत पाहिला नाही म्हणाला. पहिल्या सामन्यापासून त्याला उतरवायचं हे ठरलंय म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सामन्यात तो एकटा नसतो, मिसेस क्लॉस. त्याच्या पुढे आपली तगडी माणसं असतात, वाट करून देणारी."

व्हेर्नाचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथे काचेच्या चौकटीत एक जर्सी लावलेली होती. विटकी नारिंगी. खाली एका मुलाचा फोटो. कान पुढे आलेले, हसणारा, डेलच्याच वयाचा. पितळी पट्टीवर नाव होतं, लॉनी मॅकाबी. कॉलेजचा रंग गडद निळा; पूर्वी वेगळा असेल, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. ही गोष्ट तिच्या गावापर्यंत अर्धीमुर्धी पोचलेली होती. टॅगार्टच्या हाताखाली पहिल्या वर्षाच्या एका मुलाची मान मोडली होती. तो उठलाच नाही.

"हा तोच ना?"

"हो."

"याची आईसुद्धा आली असेल तुमच्याकडे."

कोचनं चष्मा काढला. "आली होती. तुम्ही बसलाय, त्याच खुर्चीत बसली होती."

"काय मागत होती ते सांगू नका मला. कळतंय." व्हेर्ना खुर्चीत पुढे सरकली. "तिचं नाही ऐकलंत. माझं तरी ऐका."

खालून अंगावर अंग आदळल्याचा आवाज आला. म्हातारा कोच दचकला, टेबलाची कड धरून बसला.

"मिसेस क्लॉस, वर्षभर बाहेर ठेवायचं म्हणजे..."

"बाहेर म्हणजे बाहेर," ती म्हणाली. "मला शब्द द्या."

रोज संध्याकाळी कचेरी बंद करताना तो त्या फोटोशी बोलतो, असं लोक म्हणत. व्हेर्नाला ते आता खरं वाटलं. कारण उत्तर द्यायच्या आधी तो तिच्याकडे नाही, त्या फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं फोन उचलला.

"क्लॉस यंदा खेळणार नाही," तो फोनवर म्हणाला. "त्याला पूलच्या हाताखाली द्या."

त्याचा चेहरा पार उतरला होता. व्हेर्नाला त्याची दया आली, पण बाहेर पडताना तिचे पाय हलके झाले होते. कित्येक दिवसांत तिला धड भूक लागली नव्हती. कॉलेजच्या खाणावळीत तिनं पीचचा केक मागवला आणि चाटूनपुसून खाल्ला. डेल चार दिवस रुसेल, पण हाडं जागेवर राहतील.

निघण्याआधी त्याला लांबून बघावं म्हणून ती मैदानाच्या कुंपणाशी गेली. एका बाजूला निळ्यातले दांडगे गडी उभे होते. समोर नारिंगीतली मोजकी, काटकुळी पोरं. दुसऱ्या कॉलेजची मुलं आली असतील, असं तिला वाटलं. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या माणसाला तिनं विचारलं, पाहुणे कुठले?

"पाहुणे कसले, बाई. आपलीच आहेत," तो हसला. "मी पूल. यंदा न खेळणारी सगळी माझ्याकडे. पुढच्या सामन्यात ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांचा रंग यांनी घालायचा, त्यांच्यासारखं पळायचं. आपल्या मोठ्यांनी रोज आडवं पाडायला कुणीतरी लागतंच ना."

त्यानं शिट्टी वाजवली. नारिंगीतला एकजण चेंडू घेऊन पळाला. त्याच्या पुढे वाट करून देणारं कुणी धड टिकलं नाही. निळ्यातले दोघं त्याच्यावर आदळले, आणि तोच मघाचा आवाज झाला. मुलगा सावकाश उठला. कुंपणाकडे त्याची नजर गेली, आईला पाहिलं, आणि त्यानं मान फिरवली. परत जागेवर जाऊन उभा राहिला.

मागे पावलं वाजली. कोच टॅगार्ट येऊन उभा होता, मैदानाकडे पाठ करून.

"तो लॉनी," व्हेर्नानं विचारलं, "किती सामने खेळला होता?"

"एकही नाही," कोच म्हणाला. "त्याच्या आईचं मी ऐकलं होतं."