घाम न धरणारं जॅकेट

माझ्या दोन लेकांतला थोरला, इरिसबेक, परदेशी गिर्यारोहकांना शिखरावर न्यायचा. कंपनीने दिलेलं जॅकेट जाडजूड, पण घाम आतच कोंडून ठेवायचं. "आपा, चढताना भिजतो आणि थांबलो की तोच घाम अंगावर गोठतो," असं मला म्हणायचा. आमच्याकडे आईला, थोरल्या बाईला आपा म्हणतात. उबदार असून घाम बाहेर जाऊ देईल असं जॅकेट त्याने कंपनी चालवणाऱ्या सादिरकुलकडे कितीदा मागितलं. सादिरकुल दात काढायचा, "लोक शिखर बघायला येतात बाबा, तुझे कपडे बघायला नाही."

या हंगामात एक गिर्यारोहक दमून बर्फात बसला. मदत येईपर्यंत इरिसबेक त्याच्याजवळ थांबला. तो माणूस वाचला, माझा लेक गोठून गेला.

लेकाच्या चाळिसाव्या दिवशी सादिरकुल आला. दुआ मागितली, तळलेले बोरसोक खाल्ले, आणि पिशवीतून इरिसबेक मागायचा तसलंच जॅकेट काढलं, नवंकोरं. "मी स्वतः निवडलंय आपा. हलकं, उबदार, घाम अजिबात धरत नाही."

"बरं केलंस. कबरीत थंडी फार असते," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, लाज वाटली मेल्याला. लेकाची आठवण म्हणून पेटीत ठेवावं, म्हणून मी ते उलगडलं.

"इरिसबेकला बाह्या आखूड झाल्या असत्या रे."

 

"धाकट्याच्या मापाचं आहे, आपा. परवा शिखरावर जायला नवे पाहुणे येताहेत."