भिंतीपलीकडची समिती

"आत बसा, पण आवाज करू नका," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "एक सदस्य आत्ताच जेवून डुलकी काढतायत. मध्येच उठवलं की फार चिडतात."

मास्तर चवड्यांवर चालत कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. "समिती कुठंय?"

"भिंतीपलीकडे. प्रश्न पडद्यावर येतील, उत्तरं तुम्ही इथून टाइप करायची. तोंड बघून भुलायचं नाही, अशी आमची पद्धत. ज्यांना तुमच्याबरोबर दिवस काढायचेत, तेच तुम्हाला निवडणार."

"आणि अध्यक्ष?"

"त्यांचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सध्या जरा कमी बोलतात. पण कडक हं! मागच्या उमेदवाराला रडवायचंच बाकी ठेवलं होतं."

मास्तरांना तिथेच घाम फुटला. जुन्या शाळेने शिकवणारं यंत्र आणलं आणि यांच्या हातात नारळ दिला. तेव्हापासून बिचारे घरी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, ही तरी नोकरी घालवू नका. आणि थापा अजिबात नकोत. मी हसते म्हणून जग हसत नाही!"

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. एक अक्षर, मग बऱ्याच वेळाने दुसरं.

'एका बोटाने टाइप करतायत वाटतं,' मास्तर मनात म्हणाले. 'असू दे. या वयात शिकतायत हेच खूप.'

"यंत्राला सगळं येतं. मग तुम्ही कशाला?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "विचारलं की यंत्र सांगतं. पण विचारायची लाज वाटून कोणी गप्प बसलं, तर ते यंत्राला कळत नाही. मला कळतं."

पलीकडे कुजबुज झाली. कोणाला तरी खोकला आला.

"मुलं मोठी होऊन काय काम करतील?"

"ठाऊक नाही. त्यांची निम्मी कामं अजून जन्मालाच आली नसतील. म्हणून मी त्यांना नवं काहीही शिकायला न घाबरण्याची सवय लावीन."

"मागच्या सरांना सगळं ठाऊक होतं."

गेली नोकरी, मास्तरांना वाटलं. तेवढ्यात पुढची ओळ आली.

"आता एक थाप मारा. मोठी."

मास्तर दचकले. परीक्षा बघतायत की काय? डोळ्यांसमोर बायको उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. पण बोटं कुठली ऐकतायत!

"एकदा मी कॉम्प्युटरला इतका अवघड प्रश्न विचारला, की तो रजेचा अर्ज टाकून मामाकडे पळाला. मामा कोण? कॅल्क्युलेटर! दोघं रात्रभर बेरजा करत बसले. सकाळी मामाच्या डोक्यातून धूर निघाला, तर मामी म्हणाली, बरं झालं, यावरच चहा ठेवते."

पलीकडे धाडकन खुर्ची पडली.

"अरे देवा!" मास्तर ताडकन उठले. "बाई, धावा! कोणीतरी पडलं. या वयात कंबरडं मोडलं म्हणजे?"

"काही नाही होत. रोजच पडतात," बाई शांतपणे म्हणाल्या आणि पलीकडे डोकावून आल्या. येताना पदर तोंडाला लावलेला. "निवडलं तुम्हाला! सगळ्यांनी हात वर केले. झोपलेले होते त्यांनी तर दोन्ही. थांबा, अध्यक्ष स्वतः भेटायला येतायत."

मास्तरांनी शर्ट नीट खोचला. दार उघडल्याचा आवाज येताच त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि अगदी कमरेत वाकून नमस्कार केला.

"बलं झालं वाकलात, सल," नाकासमोरून आवाज आला. "आधी माझ्या बुटाची लेस बांधून द्या."