सात नंबरची हजेरी

भोंगा वाजला तशी कोरिन तोंडात ब्रश घेऊनच तंबूबाहेर धावली. बाहेर बर्फाचा चिखल आणि पायात नुसत्या सपाता. हजेरी घेणारा डग वही सावरत ओरडला, "सात नंबर! किती?"

"बारा!" कोरिन फेस गिळून ओरडली.

डगने तंबूकडे पाहिलंसुद्धा नाही. नियमच तसा होता. बास्केटबॉलच्या मोठ्या मॅचच्या आधी पाच आठवडे स्टेडियमबाहेर तंबू ठोकून बसायचं. भोंगा कधीही वाजायचा. तंबूत एक जण जरी सापडला तरी बाराही हजर धरायचे. टिकलेल्या तंबूंना मॅचला कठड्यालगतची पहिली रांग मिळायची, तीही फुकट. आजची हजेरी शेवटची होती.

तो एक जण म्हणजे बहुतेक वेळा कोरिनच. बाकीच्यांना कधी लॅब असायची, कधी सर्दी, कधी कुणाचा वाढदिवस. वाढदिवसाला कोरिनला बोलावत नसत, कारण मग तंबू कोण सांभाळणार? तिला वाईट वाटायचं, पण ती ते गिळायची. आठशे वस्तीच्या गावातून ती ऑगस्टमध्ये या कॉलेजात आली, तेव्हापासून हॉस्टेलात तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. जानेवारीत ट्रिप लँगफर्ड जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "आमच्या तंबूत येतेस का? एक कमी पडतोय." एकटं पडलेलं माणूस फार स्वस्तात मिळतं. ती लगेच हो म्हणाली आणि संध्याकाळी गादी घेऊन हजर झाली.

मॅचपेक्षाही तिला ओढ होती ती इथल्या एका रीतीची. आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत पहिली रांग एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डोलत राहते. डावीकडे तंबूतलीच पेटन, उजवीकडे ट्रिप, असं कोरिनने कधीच ठरवून टाकलं होतं.

दुपारी मॅचला आत सोडण्यासाठीचे मनगटाचे पट्टे वाटले. पट्टा ज्याचा त्यालाच मिळतो, त्यामुळे त्या दिवशी बाराच्या बारा आले. कोरिनने मोठं पातेलं भरून राजमा आणि खिमा शिजवून आणला होता. पोरं त्यावर तुटून पडली. तिने हिरव्या पेनाने प्रत्येकाच्या पट्ट्यावर एक छोटा बॉल काढून दिला.

"ढिलाच बांधा रे, दोन बोटं जातील एवढा," पेटन सगळ्यांना सांगत होती. मग तिचं लक्ष कोरिनच्या मनगटाकडे गेलं. "अगं बाई, किती आवळलायस! हात काळानिळा पडेल."

"पडू दे. निसटला म्हणजे?"

यावर सगळे का हसले ते कोरिनला कळलं नाही. पण सगळे हसले म्हणून तीही हसली.

"तू नसतीस तर आमचं काही खरं नव्हतं हं, कोरिन," ट्रिप म्हणाला. लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात तो पटाईत होता, आणि कोरिन आनंदाने चढली.

"मी पुढे जाऊन जागा धरते."

"धर, धर. आम्ही आलोच."

दार उघडताच ती पळत आत शिरली. कोट, मफलर, टोपी, स्वेटर, दोन हातमोजे, पिशवी, पिशवीतली वह्या-पुस्तकं, असं एकेक पसरत तिने अकरा जागा धरल्या. स्वतः मात्र पातळ टी-शर्टवर कठडा धरून उभी राहिली.

मॅचला वीस मिनिटं उरली असताना एक बाई आली आणि कोट सरकवू लागली. तिच्या अंगातल्या नव्या जर्सीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"ही जागा धरलेली आहे," कोरिन म्हणाली.

"अहो, माझ्याकडे पट्टा आहे." बाईने मनगट पुढे केलं. पट्ट्यावर हिरवा बॉल होता.

कोरिनने कोट उचलून अंगात घातला. मग एक जोडपं आलं, तिने मफलर आणि टोपी उचलली. मग आणखी तिघं आली. कुणाला काय विचारायचं हेच तिला सुचेना. होता होता तिचे सगळे कपडे पुन्हा तिच्या अंगावर आले, तरी तिची थंडी काही जाईना.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या जाड मनगटावर पट्टा बसत नव्हता, म्हणून त्यांनी तो बोटांत अडकवला होता.

"अठराशे डॉलर, पोरी!" ते धापा टाकत म्हणाले. "याच कॉलेजात शिकलो मी. आम्ही फुकट यायचो. आता गाड्यांच्या तळावर पोरासोरांकडून चढ्या भावाने विकत घ्यायचं! आणि वर तो पोरगा मलाच म्हणतो, 'काका, पाच आठवडे थंडीत झोपलोय, जास्त नाही मागत.' फार गोड बोलतो. मला तर दयाच आली त्याची."

कोरिनचा फोन थरथरला. पेटनने फोटो पाठवला होता. ट्रिपच्या घरचा लांबलचक सोफा, मांडीवर पिझ्झाचे खोके, आणि एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून बसलेले अकराच्या अकरा. मागच्या टीव्हीवर पहिली रांग दिसत होती आणि तिच्या मधोमध कोरिन. खाली लिहिलं होतं, 'अगं, दिसतेयस तू! आमच्यासाठी पण ओरड हं!'

तिला फार रडू आलं. पण तेवढ्यात चेंडू वर उडाला, रांग डोलू लागली आणि म्हाताऱ्यांनी आपला जड हात तिच्या खांद्यावर टाकला.

"तूही सात नंबरचीच ना?" तिच्या पट्ट्यावरचा तसाच हिरवा बॉल बघून त्यांनी विचारलं. "तुमच्या तंबूची एकही हजेरी चुकली नाही म्हणे. शाबास! किती जण होता गं?"

पाच आठवड्यांच्या सवयीने उत्तर तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

"एक," कोरिन म्हणाली.