घरचा साबण
"घरात शिशाचं काम कोण करतं?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं.

नवऱ्याने शाळेतल्या पोरासारखा हात अर्धवट वर केला. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायच्या कारखान्यात तो नऊ वर्षांपासून होता.

"कामाचे कपडे कुठे धुता?"

"घरी," ती म्हणाली. खांद्यावर झोपलेल्या लेकीला तिने सावरून घेतलं. "पण बाजारची पावडर नाही हो घालत. साबण मी स्वतः करते."

बोलताना तिचा आवाज जरा चढलाच. तो साबण तिला सहजासहजी जमला नव्हता. गेल्या वर्षी लेकीची कोपरं आणि गुडघ्यामागची कातडी खाजवून खाजवून रक्ताळायची. मलमं झाली, पथ्यं झाली. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, पावडर बदलून बघ. मग ती बिनवासाच्या साबणाच्या वड्या खिसणीवर खिसायला लागली. उकळत्या पाण्यात तो कीस विरघळवायचा, धुण्याचा सोडा घालायचा, हात भरून येईस्तोवर ढवळायचं. पहिल्या खेपेला सगळं दह्यासारखं फुटलं. दुसऱ्या खेपेला असं घट्ट बसलं, की पातेलंच टाकावं लागलं. तिसऱ्यांदा जमलं. महिन्याभरात लेकीचं अंग मऊ झालं आणि आळीतल्या बायका बरण्या घेऊन दारात यायला लागल्या.

मग तिची नजर नवऱ्याच्या मानेवर गेली. तो कारखान्यातच अंघोळ करायचा, कपडे तिथल्याच धुलाईत टाकायचा. तिथल्या कडक पावडरीने कॉलरखालची कातडी सोलवटली होती.

"कपडे इकडे आणत जा," ती म्हणाली.

"घरी न्यायचे नाहीत, असं मुकादम सांगतो."

"मुकादमाची मान सोलवटली असती तर त्यानेही नेले असते."

त्याने हसण्यावारी नेलं. तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो मुकाट्याने कपड्यांची पिशवी घेऊन आला.

मान बरी झाली. कपडे भिजवण्याआधी मागच्या अंगणात झटकायचं काम पाच वर्षांच्या लेकीने आपण होऊन घेतलं. बापाची पँट तिच्याहून उंच. झटकली की करडी धूळ उडायची, आणि ती खिदळायची. नंतर तिघांचे कपडे एकाच टबात पडायचे.

सहा महिन्यांनी पोर पोट धरून बसायला लागली. चेहरा पांढराफटक पडला. पाठ असलेली कविता अर्ध्यावर विसरून ती आईच्या तोंडाकडे बघत राहायची. आई म्हणायची, लक्ष कुठे असतं तुझं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"साबणात काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. "विष त्या धुळीत आहे. झटकताना ती श्वासात जाते, हाताला लागते, हातावरून तोंडात जाते. एका टबात धुतलं की बाकीच्या कपड्यांनाही लागते."

"पण ती बरी होईल ना?" आईने विचारलं.

"रक्तातलं शिसं औषधाने उतरवता येईल. डोक्यावर झालेला परिणाम किती भरून निघेल, ते मला आज सांगता येणार नाही."

लेकीचा श्वास तिच्या मानेला ऊन लागत होता. दर दोन दिवसांनी आपल्याच हातांनी तो टब भरलेला तिला दिसत होता.

"कारखान्यात धुलाईची सोय नाही का?" डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढत विचारलं.

"आहे," नवरा म्हणाला.

"मग कपडे घरी आणायचं कोणी काढलं?"

तिने तोंड उघडलं.

"मीच," नवरा म्हणाला. त्याने लेकीला अलगद तिच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं. "ही नको नको म्हणत होती."