घोड्यावरचा पूर्वज

हातात पैसा खुळखुळायला लागला की माणसाला थोर पूर्वज लागतात. सोलापुरात सात रस्ता चौकात प्लॉटिंगचं ऑफिस थाटलेल्या कुमारशेटनाही ते लागले. आणि त्यांच्या गावच्या ओढ्याकाठी वीरगळ सापडला, म्हणजे जुन्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यावर तलवार उगारलेला घोडेस्वार होता, घोड्याच्या टापांखाली एक माणूस पडला होता आणि मागं गाई कोरल्या होत्या.

"घोड्यावरचे ते आमचे मूळपुरुष!" शेटनी जाहीर करून टाकलं. लगेच फ्लेक्स लागला, घोडेस्वाराशेजारी गॉगल घातलेले शेट. अनावरणाला सोलापूरहून इतिहासाचे प्राध्यापक बोलावले.

गावातला मेंढपाळ गुंडा मेंढरं कोंडून कार्यक्रमाला आला होता. माईक हातात येताच शेटना चेव चढला. त्यांनी गुंडाकडंच बोट केलं. "आन् खाली पडलाय त्यो ह्या गुंड्याचा पणजा दिसतोय!"

सगळा मांडव हसला. गुंडानं मान खाली घातली.

मग प्राध्यापक उठले. "वीरगळ मेलेल्या वीराचा असतो," ते म्हणाले. "खाली पडलाय तोच वीर. गावची गुरं सोडवताना त्याचा जीव गेला. आणि हा घोड्यावरचा, तो गुरं पळवायला आलेला दरोडेखोर."

मागच्या रांगेत गुंडा उठून उभा राहिला.

 

"शेट, आमची गुरं तेवढी परत द्या की."