झेंड्यावरचं नाव

"साहेब, तुम्ही माझ्या पोराचं मरण पुसताय!" पलटणीच्या झेंड्यावर कशिदा काढणारी मावशी कडाडली. लढलेल्या प्रत्येक लढाईचं नाव त्यावर सोनेरी दोऱ्यानं काढायची रीत होती. हाच झेंडा धरून तिचा लेक शेवटच्या लढाईत पडला. ते नावही तिनंच काढलेलं. आता वरून हुकूम आला: ती लढाई झालीच नाही, नाव उसवा. "मावशी, कागदावर तुमचा मुलगा तापानं गेलाय. आटपा, संचलन थांबलंय," साहेब खेकसले. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नसतो, म्हणून काठी त्यांनीच धरली होती. दातओठ खात तिनं पहिलं अक्षर उसवलं, तोच बंद खोलीत झेंडा फडफडला. साहेबांनी दचकून काठी सोडली. काठी पडली नाही. जमिनीपासून वीतभर वर ती ताठ उभी राहिली. मावशीनं कात्री खाली ठेवली. "मग सांगा, साहेब, झेंडा कुणी धरलाय?"