संध्याकाळपर्यंत कळवते

“विचारलंस का?” थोरलीनं दारातूनच विचारलं.

“विचारलं.” धाकटीनं फोन गादीवर टाकला. “कारखान्यातल्या बाई म्हणाल्या, साहेबांशी बोलते, संध्याकाळपर्यंत कळवते.”

“मग झालं तर! तोंड का पाडून बसलीस?”

“पुढे म्हणाल्या, प्रतीक्षा यादीत अजून एक नाव आहे, लक्षात असू द्या.”

ते नाव थोरलीचंच होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं.

दोघी चुलत बहिणी. एकाच घरात वाढल्या, एकाच वर्षी रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या एकाच जागेसाठी मुलाखतीला गेल्या. जागा धाकटीला मिळाली. महिनोन् महिने अर्ज करून हाती आलेली पहिली नोकरी. अडचण होती ती बाँडची. तीन वर्षं नोकरी सोडायची नाही आणि तोवर मूळ प्रमाणपत्रं कारखान्याच्या कपाटात. धाकटीला वर्षभर कमवून पुढे शिकायचं होतं. प्रमाणपत्रांशिवाय प्रवेश कोण देणार?

“बाँड काढा म्हणून सांग,” असं काल थोरलीच म्हणाली होती. “विचारायला काय जातंय? फार तर नाही म्हणतील.”

फार तर नाही म्हणतील. आज धाकटीला वाटू लागलं, फार तर नोकरीच जाईल. आणि गेली, तर कुणाला मिळेल?

दुपारी तिला जेवण गेलं नाही. थोरलीची आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. धाकटी तिच्यासमोर जाऊन बसली आणि फोनकडे बघत राहिली.

“अगं, ते काय दूध आहे उतू जायला?” काकू म्हणाली. “जरा नजर काढ त्याच्यावरून. आणि दाणे तोंडात टाकू नकोस, भाजीला काही उरू दे.”

“ताई कुठंय?”

“गच्चीवर. तिचाही फोन कानाला चिकटलाय. काय चाललंय दोघींचं, देव जाणे.”

धाकटी जिना चढू लागली. वरून आवाज आला. “हो मॅडम, अगदी नक्की. माझा विचार पक्का आहे...”

पायरी वाजली. आवाज थांबला.

“कोण होतं गं?”

“कुणी नाही.” थोरलीनं फोन खिशात टाकला. “मैत्रीण.”

मैत्रिणीला कोण मॅडम म्हणतं? धाकटीनं विचारलं नाही. ती तशीच खाली आली. चपला घातल्या, काढल्या. खिडकी उघडली, पुन्हा लावली.

उन्हं कलली तशी थोरली इस्त्री घेऊन बसली. पुढ्यात तिनं मुलाखतीला घातलेला निळा शर्ट, बाजूला सुईदोरा.

“कुठं निघालीस?”

“मी कुठं जातेय!” थोरलीनं मान वर केली नाही. “आणि हे बघ चिमे, आपणहून फोन करू नकोस हं त्यांना. घाई दिसली की माणसं ताणून धरतात.”

“म्हणजे मी नुसतं बसून राहायचं?”

“बसवत नसेल तर उभी राहा. पण फोन करू नकोस.”

धाकटी खोलीत आली आणि उगाचच आपली पिशवी उपसू लागली. तळाशी थोरलीचा श्वासाचा पंप हाताला लागला. शाळेपासून तो धाकटीच्याच पिशवीत असायचा. थोरलीला दमा आहे हे वर्गात कुणाला कळू नये, म्हणून दोघींनी तसं ठरवलं होतं. कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. कारखान्याच्या अर्जातही ‘आजार’ या शब्दापुढे थोरलीनं ‘नाही’ असंच लिहिलं होतं. प्रयोगशाळा बघून आल्यावर मात्र ती फाटकापाशी बराच वेळ खोकत उभी होती.

धाकटीनं दार लावून घेतलं आणि फोन लावला.

“मॅडम, मला बाँड मान्य आहे. पूर्ण तीन वर्षांचा. प्रमाणपत्रं उद्याच आणून देते.”

“अहो, पण ऐका...”

“आणि अजून एक सांगायचं होतं.” तिनं बंद दाराकडे पाहिलं. “यादीतलं ते दुसरं नाव. तिला दमा आहे. अर्जात लपवलंय तिनं. तुमच्याकडचे वास तिला सोसायचे नाहीत.”



“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बहिणीनंच दुपारी फोन करून सांगितलं आणि नाव मागे घेतलं. वर तुमच्यासाठी माझ्याशी भांडल्या. बाँडपायी हिला घालवू नका, म्हणाल्या, अशी मुलगी शोधून सापडायची नाही. साहेबांनाही पटलं. बाँड काढून टाकला होता त्यांनी. तुम्हाला कळवायला मी फोन उचलतच होते. पण साहेब समोरच बसलेत आणि स्पीकर चालू आहे. ते म्हणतायत, तुम्हीच तयार आहात तर तीन वर्षंच राहू द्या.”

फोन बंद झाला. दारावर टकटक झाली.

दारात थोरली उभी होती. हातात हँगरला लावलेला निळा शर्ट. बाह्या आखूड केलेल्या, बरोबर धाकटीच्या मापाच्या.

“चिमे,” ती हसत म्हणाली, “आला का गं त्यांचा फोन?”